शिवणीतली माया

परत आलेली खोकी पूजेआधी झाकून ठेवा, असं सुप्रभाने सकाळी सांगितलं होतं. कोणी झाकली नाहीत. तंजावूरला वल्लम रस्त्यावरच्या युनिटात शिलाई मशिनींना गंध-कुंकू लागलं, दारांना केळीचे खुंट बांधले गेले, आणि बेल्जियमहून माघारी आलेली फ्रॉकची खोकी भिंतीलगत तशीच उभी राहिली. आयुधपूजेला आलेल्या शिवणाऱ्या बायका त्यांच्याकडे न पाहता नमस्कार करून गेल्या.

टेबलावर कात्र्या, मोजपट्ट्या आणि नागलक्ष्मीचे पुठ्ठ्याचे नमुने मांडले होते. शेजारी कॉम्प्युटर, आणि ज्या मोठ्या फळीवर नमुना पसरून त्याची कड बिंदूबिंदूने आत घेतात तो डिजिटायझर. भरद्वाजने पहिलं कुंकू कॉम्प्युटरला लावलं. एकोजी होता तोवर ते कात्रीला लागायचं. एकोजी हा या घरातला थोरला, नागलक्ष्मीचा नवरा. त्याच्यामागे धाकटा भाऊ भरद्वाज युनिट चालवत होता. नमुने मात्र पहिल्यापासून नागलक्ष्मीच काढत आली होती.

शेवटची बाई पोरी-सुंडलची, म्हणजे चुरमुरे-उसळीची, पुडी घेऊन बाहेर पडली तसा भरद्वाजने पंखा कमी केला.

"वैनी, जरा बसा."

नागलक्ष्मी बसली. सुप्रभा नवऱ्याशेजारी उभी राहिली. सगळ्यांत धाकटा भाऊ प्राणेश कॉलेजात शिकवायचा, धंद्यात त्याचं नुसतं नाव होतं, तो दाराशी टेकला. त्याची मुलगी नित्या कीबोर्डवर सांडलेल्या अक्षता वेचत होती.

"उद्या आपले एजंट गुरुमूर्ती येतायत चेन्नईहून," भरद्वाज म्हणाला. "बेल्जियमची बाई बरोबर आहे. माल परत का आला ते तिला समजून घ्यायचंय. मोठ्या मापांत मुलींचे दंड अडकतात, छातीला ओढ बसते. का, ते सांगायला हवं."

"सांगा की."

"तुम्ही सांगावं असं आमचं म्हणणं."

नागलक्ष्मीने मान वर केली. भरद्वाज तिच्याकडे न पाहता बोलत राहिला. "चारच्या मापाचा नमुना त्यांनी पास केला होता. तो बरोबरच होता. चारवरून सहा, सहावरून आठ, कुठे किती वाढवायचं ते आकडे तुमचे. नित्याने ते तसेच कॉम्प्युटरला दिले. त्यातला एखादा चुकला असेल. वयाने होतं असं. एवढं तुम्ही तिला सांगितलंत की ती म्हणेल, ठीक, पुढल्या वेळी आकडे बदला. काम आपल्याकडे राहील."

"चुकला असेल म्हणजे काय, अण्णा?" प्राणेश दारातून पुढे आला. "चुकला का ते पाहिलं कोणी? का आपलं वैनीवर टाकून मोकळं व्हायचं? गावातल्या निम्म्या शाळांचे शर्ट त्यांच्या मापावर शिवलेत आपण."

"शाळेचे शर्ट," सुप्रभा म्हणाली. "पोरं वाढतात म्हणून सगळं सैलच ठेवायचं. ते काम वेगळं, हे वेगळं. आणि प्राणेश, तुमचा पगार सरकार देतं. इथल्या बायकांचा आम्ही देतो."

"माझा आकडा चुकलेला नाही," नागलक्ष्मी म्हणाली.

ती अगदी साधेपणाने बोलली. गेल्या आठवड्यात कटिंगच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या प्लॉटरने छापलेला आठ नंबरच्या मापाचा एक कागद राहिला होता. तिने त्यावर सहज आपला आठचा पुठ्ठा ठेवला. बगलेच्या बाजूने कागद पुठ्ठ्याखाली दिसेनासा झाला, तिथे तो पुठ्ठ्याहून लहान होता. तिने तो दुसऱ्यांदा ठेवून पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी पूजेच्या साफसफाईत सगळे जुने कागद रद्दीत गेले, तेही तिने थांबवलं नाही. नित्या आपणहून येऊन सांगेल असं तिला वाटत होतं.

"मग काय चुकलं?" प्राणेशने विचारलं.

"ते नित्याला विचार."

सगळे नित्याकडे वळले. तिने हातातल्या अक्षता ताटलीत टाकल्या.

"मी जे दिलं तेच कॉम्प्युटरने केलं, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या मनाने तो काही करत नाही."

हे खरं होतं. नागलक्ष्मी तिच्याकडे पाहत राहिली, आणि नित्याने पंख्याचं बटण उगाचच एकने वाढवलं.

*

नित्याची आई गेली तेव्हा नित्या दुसरीत होती. तेव्हापासून तिला नागलक्ष्मी काकीने वाढवलं. ती पहिली रेघ शिकली तीही काकीच्या टेबलाखाली बसून, खडूच्या तुकड्याने फरशीवर. चेन्नईला फॅशनच्या कोर्सला पाठवायचं तेव्हा सगळ्या घराशी एकटी काकी भांडली होती. कॉम्प्युटर आला त्या उन्हाळ्यात दोघींनी मिळून सगळे पुठ्ठे आत घेतले होते. काकी नमुना फळीवर सपाट धरायची, नित्या हातातलं यंत्र कडेने फिरवत एकेक बिंदू दाबायची, आणि पडद्यावर रेघ उमटली की काकी म्हणायची, "हे माझं नव्हे, वाक दे जरा." कॉम्प्युटरला घरात काकीने कधी नावं ठेवली नाहीत. जे काम करताना तिची कंबर मोडायची ते बसल्या जागी होतं, याचा तिला आनंदच झाला होता.

चूक झाली ती जुलैत. कापडाचा पन्हा ठरल्यापेक्षा अरुंद निघाला होता. सगळ्या मापांचे तुकडे पडद्यावर कापडाच्या पट्टीत बसवायचे होते आणि ते बसत नव्हते. भरद्वाज काका तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"थोडं आत घेता येत नाही का?" त्यांनी विचारलं होतं.

"मोठ्या मापांत बगलेच्या शिवणीची माया कमी करता येईल, काका. शिवणीबाहेर सोडलेलं कापड. पण मग शिवणाऱ्यांना सांगायला हवं, की काठाच्या जवळून शिवा. नेहमीसारखं आत शिवलं तर अंग तेवढं घट्ट होईल."

"मी सांगतो त्यांना. तू कर."

पुठ्ठ्यावर हे करायचं असतं तर त्या प्रत्येक मापाचा प्रत्येक तुकडा नव्याने काढावा लागला असता, आणि दुसऱ्या पुठ्ठ्याला हात लावण्याआधी काकीने विचारलं असतं की हे कशासाठी. कॉम्प्युटरला एक आकडा बदलून दिला. पडद्यावरच्या त्या मापांच्या सगळ्या रेघा एकदम आत सरकल्या आणि तुकडे पट्टीत बसले. काका खूश झाले. तिलाही त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

काका शिवणाऱ्या बायकांना सांगायला विसरले, किंवा सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही. हातांना जी सवय होती तिथेच सगळ्यांनी शिवलं. नित्या त्या आठवड्यात एकदाही शिलाईच्या हॉलमध्ये जाऊन पाहून आली नाही.

पूजेहून परतताना तिने हे सगळं बाबांना सांगितलं. कालव्याच्या पुलावर प्राणेशने स्कूटर थांबवली. दसऱ्याच्या बाजाराला निघालेली गर्दी त्यांना वळसा घालून जात होती.

"अण्णांनी सांगितलं म्हणून केलंस."

"केलं मीच. काय होईल ते मज कळत होतं."

"हे आणखी कोणाला माहीत?"

"काकांना. काकीला कळलंय. आज तिने पाहिलं ना माझ्याकडे."

प्राणेशने हेल्मेट काढलं आणि हँडलला अडकवलं. सकाळी भावाशी भांडताना त्याला बरं वाटलं होतं. खूप दिवसांनी आपण कोणाच्या तरी बाजूने उभे आहोत असं वाटलं होतं.

"उद्या मी त्या बाईला सांगून टाकते," नित्या म्हणाली.

"काय सांगशील? की आम्ही कापड वाचवायला माल जाणूनबुजून लहान कापला? मग ती तासभर तरी थांबेल का इथे? गुरुमूर्ती सगळ्या चेन्नईत सांगेल. काकाचं नाव कोणी घेणार नाही, बाळ. मशीनवर कोण होतं ते विचारतील."

आपण गप्प आहोत हे नित्याच्या लक्षात आलं, तरीही ती गप्पच राहिली.

*

दुपारी नागलक्ष्मी गोलूच्या, नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या, पायऱ्यांपुढची वाळलेली फुलं काढत होती. प्राणेश आत आला आणि जमिनीवरच बसला. लहानपणी आईशी भांडून आला की तो असाच येऊन बसायचा. नागलक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता.

"नित्याने सांगितलं मज," तो म्हणाला.

"सांगितलं ना. बरं झालं." तिच्या आवाजात खरोखर सुटका होती. "मी वाटच पाहत होते. मला नाही तर तुला तरी सांगेल."

"वैनी, ती लहान आहे हो."

नागलक्ष्मीचा हात फुलांवर थांबला. पुढे काय येणार ते तिला तिथेच समजलं.

"आता कुठे सुरुवात आहे तिची. हे तिच्या नावावर बसलं तर तिला परत कोणी मशीनपुढे बसवणार नाही. तुमचं तसं नाही."

"माझं कसं आहे?"

"म्हणजे, तुम्हाला काही बाहेर नोकरी धरायची नाही. तुम्ही घरच्या. त्या बाईला तुम्ही एकदा दिसाल, ती जाईल, संपलं. घरात आम्हा सगळ्यांना खरं काय ते माहीत आहेच की."

"सकाळी तूच विचारलंस, चुकलं का ते पाहिलं कोणी, म्हणून."

"तेव्हा मज माहीत नव्हतं."

"हो. माहीत नव्हतं तोवर तू माझ्या बाजूने होतास."

प्राणेशने मान खाली घातली. तो म्हणाला, "तिला आई नाही, वैनी."

हे तो तिला सांगत होता. ज्या पोरीचा ताप तिने मांडीवर घेऊन काढला, जिच्या केसांतल्या उवा काढल्या, जिला पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा घाबरून जी तिच्याच पदराखाली शिरली, तिला आई नाही हे तो तिला सांगत होता. नागलक्ष्मीने फुलं परडीत गोळा केली आणि उठली.

"उद्या ती बाई मज विचारील तेव्हा मी बोलेन," ती म्हणाली.

प्राणेशने याचा अर्थ आपल्या सोयीने घेतला आणि भरद्वाजला जाऊन सांगितलं की वैनी तयार आहेत.

*

विजयादशमीला पूजेतली आयुधं पुन्हा हातात घेऊन काम सुरू करायचं, म्हणून सकाळी युनिटात मशिनी चालू होत्या. गुरुमूर्तींची गाडी वेळेवर आली. बेल्जियमची बाई उंच, शांत, पन्नाशीची होती. सुप्रभाने तिला हार घातला, तो तिने काढून न ठेवता गळ्यातच राहू दिला. तिने खोक्यातला एक फ्रॉक काढून उलटा केला, शिवण तपासली. शिवण नेहमीसारखी होती. तिने खांदे उडवले.

सुप्रभाचं सगळं लक्ष नागलक्ष्मीकडे होतं. जाऊ म्हणून इतकी वर्षं तिने तिला सोसलं होतं. शिवणाऱ्या बायका पगार सुप्रभाच्या हातून घ्यायच्या आणि अडचण सांगायला नागलक्ष्मीकडे जायच्या. हे एकदा थांबावं असं तिला नेहमी वाटायचं. आज ते थांबणार होतं, आणि तरी सकाळपासून तिचं कशात मन लागत नव्हतं.

"पॅटर्न कोण बनवतं?" बाईने इंग्रजीत विचारलं.

भरद्वाजने नागलक्ष्मीला पुढे केलं. "माझी वहिनी. हिला इंग्रजी येत नाही. नित्या सांगेल तुम्हाला."

बाईने खुर्ची ओढून नागलक्ष्मीला बसायला लावलं आणि स्वतः समोर बसली. तिला दोष द्यायचा नव्हता असं दिसत होतं. तिने सावकाश विचारलं, "मला फक्त समजून घ्यायचंय. मापं वाढवताना काय झालं?"

नित्याने ते मराठीत सांगितलं.

नागलक्ष्मीला हे तमिळमध्ये सांगता आलं असतं. गुरुमूर्ती दोन हातांवर उभे होते, त्यांना शब्दन् शब्द कळला असता, आणि मग कोणाच्या हातात काही उरलं नसतं. ती मराठीत बोलली. नित्याच्या डोळ्यांत पाहून, घाई न करता बोलली.

"तिला सांग, माझी मापं बरोबर होती. कापताना बगलेची माया कमी केली, आणि शिवणाऱ्यांना ते सांगितलं नाही. म्हणून अंग घट्ट झालं. कोणी केलं ते सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण माप चुकलेलं नव्हतं, एवढं सांग."

मशिनींचा आवाज चालूच होता. भरद्वाजने रुमालाने कपाळ पुसलं. प्राणेश खिडकीबाहेर पाहू लागला. गुरुमूर्ती हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते, त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं.

नित्याने ओठ ओले केले. सुप्रभाला वाटलं, ही सांगणार. आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं, की हिने सांगावं असंच आपल्याला वाटतंय.

"शी सेज," नित्या म्हणाली, "द मिस्टेक वॉज इन हर मेझरमेंट्स. शी इज व्हेरी सॉरी."

बाईने मान हलवली. तिने पुढे वाकून नागलक्ष्मीचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच थोपटला. वय झालेल्या माणसाने आपली चूक अशी कबूल करावी, याचा तिच्यावर परिणाम झाला होता.

सॉरी हा शब्द तंजावूरच्या रस्त्यावर कोणाला समजत नाही? नागलक्ष्मीने हात सोडवून घेतला नाही. तिने आधी भरद्वाजकडे पाहिलं, मग प्राणेशकडे, मग सुप्रभाकडे. तिघांनाही मराठी येत होतं, तिघांनाही इंग्रजी येत होतं. सुप्रभाने तोंड उघडलं. नवऱ्याचा हात तिच्या कोपराला लागला, आणि ती म्हणाली, "कॉफी आणते."

नागलक्ष्मीला अजूनही गुरुमूर्तींना हाक मारता आली असती. पण घरातल्या माणसांनी घरातल्या भाषेत ऐकून जे पुरून टाकलं, ते परक्या माणसापुढे त्याच्या भाषेत उकरायचं तिला जमलं नाही. ती उठली, बाईला नमस्कार केला आणि कटिंगच्या टेबलाला वळसा घालून बाहेर गेली. रस्त्यावर टाउन बस आली ती तिने थांबवली.

*

काम टिकलं. सगळी मापं नित्याने नव्याने बसवावीत असं बेल्जियमच्या बाईने सुचवलं, आणि भरद्वाजने त्याच आठवड्यात पॅटर्नचा सगळा विभाग तिच्या हाती दिला. नित्याने बगलेची माया पूर्वीइतकी केली आणि आकड्यांना हात लावला नाही. पुढचा माल पास झाला. नव्या मापांचं गुरुमूर्तींनी फोनवर कौतुक केलं.

नागलक्ष्मी युनिटात परत गेली नाही. भरद्वाजने दोनदा निरोप पाठवला, तिने दोन्ही वेळा गुडघ्याचं कारण सांगितलं. सुप्रभा कधी नव्हे ती तिच्या खोलीत येऊन बसू लागली, इकडचं तिकडचं बोलू लागली, आणि नागलक्ष्मी तिला उत्तरंही देई. प्राणेशशी ती पूर्वीसारखीच वागे. घरात कोणी तिला रुसलेली म्हणू शकलं नसतं.

नित्या आठ दिवस तिच्यासमोर गेली नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी गेली. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं. मी घाबरले, काकी. बाबा म्हणाले म्हणून. नाही, बाबा म्हणाले म्हणून नाही, मीच. अशी सुरुवात करायची होती. नागलक्ष्मी ओसरीवर कडधान्य निवडत होती. नित्या उंबऱ्यात उभी राहिली.

"काकी."

नागलक्ष्मीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने सूप बाजूला सरकवलं, मोकळी जागा केली, आणि म्हणाली, "वांग, उक्कारुंग. काफी साप्पिडरींगळा?"

या, बसा. कॉफी घेणार का? दूधवाल्या बाईशी, शेजारच्या डॉक्टरांच्या बायकोशी, पोस्टमनशी ती याच सुरात बोलत असे. आदराने, नीट, चुकूनही एकेरीत न उतरता. नित्याला कळेनासं झालं. ती मराठीतच म्हणाली, "काकी, मज तुझ्याशी बोलायचंय."

"सोल्लुंग," नागलक्ष्मी म्हणाली. सांगा.

नित्या उभी राहिली. मनात घोळवलेलं सगळं मराठीत होतं. तमिळ ती रोज बोलायची, बाजारात, बसमध्ये, युनिटात, मैत्रिणींशी. पण या बाईशी जन्मात तमिळ बोलली नव्हती, आणि ते वाक्य तमिळमध्ये कसं सुरू करायचं ते तिला येईना.

नागलक्ष्मीने थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून आत गेली, कॉफी केली, पाहुण्यांसाठी काढतात त्या स्टीलच्या पेल्यात ओतून आणली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.